गवळीवाड्यावरच्या गाण्या-गोष्टींचं डिजिटल पुस्तक करायचंय, पण ते कुणाच्या हातात राहणार?

कणकुंबी_रस्ता:

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला शाळेत शिकवतो. वर्गातली बरीच पोरं गवळीवाड्यावरची आहेत, धनगर गवळ्यांची, म्हशी राखणारी, दूध-लोणी घेऊन बाजाराला उतरणारी घरं. पावसाळ्यात पोरांना सहज सांगितलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडनं एकेक गाणं नाहीतर गोष्ट ऐकून या, तर पोरांनी फोनमध्ये इतकं भरून आणलं की बघतच राहिलो. दसऱ्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वाघानं रेडकू नेल्याच्या गोष्टी, कुठला झरा मे महिन्यात पण आटत नाही, म्हैस चारा खाईना झाली की कुठला पाला द्यायचा, सगळंच.

आता बेळगावातले एक ओळखीचे प्रकाशक म्हणतायत की सगळं माझ्याकडं द्या, ई-बुक काढूया, संकलक म्हणून तुमचं नाव टाकतो. मला ते पटत नाही. गाणं त्या आजीचं, आवाज तिचा, वाडा तिचा आणि कव्हरवर नाव माझं, हे कसलं पुस्तक? पण पोरांच्या फोनमध्ये पडून राहिलं तर फोन बिघडला की गेलं. वाड्यावर रेंज पण धड नाही, म्हणजे नेटवर टाकलं तर जगानं बघावं आणि ज्यांचं आहे त्यांनाच दिसू नये असं व्हायचं. तर कुणी असं काम केलंय काय? परवानगी नेमकी कुणाची घ्यायची, पुस्तक कुठल्या रूपात करायचं आणि पाल्या-मुळीची औषधं त्यात घालायची की नाही, जरा सविस्तर सांगा.

निपाणी_अक्षरजुळणी:

सर, तुमचं पटलं. आधी कामाचं सांगतो, पुस्तकांची अक्षरजुळणी हा माझा धंदाच आहे. पोरांच्या फोनवरच्या मूळ फाईल पहिल्यांदा आहेत तशा दोन वेगवेगळ्या जागी कॉपी करून ठेवा, व्हॉट्सॲपवरनं मागवू नका, त्यात आवाज दाबला जाऊ शकतो. पुढचं रेकॉर्डिंग होईल तेवढं वेव्ह फॉरमॅटमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, करा आणि ऐकवायला एमपी३ वेगळी काढा.

पुस्तक पीडीएफमध्ये करू नका ओ. फोनच्या छोट्या स्क्रीनवर पीडीएफ वाचायची म्हणजे बोटानं सरकवत बसायचं, म्हातारी माणसं तर सोडूनच देतात. ईपब३ करा, तो ई-बुकचाच एक फाईल प्रकार आहे, त्यात अक्षर मोठं केलं की ओळ आपोआप मावते आणि आवाज पण आत बसवता येतो, म्हणजे ओवीची ओळ स्क्रीनवर रंगत जाते आणि त्याच वेळी आजीचा आवाज ऐकू येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पुस्तक ऐकता येतं, हे छापील पुस्तकात कधीच जमलं नसतं. टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा, ते कुठल्याही मशीनवर सारखं दिसतं. आमच्याकडं अजून जुन्या फॉन्टातल्या फाईली येतात आणि दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात.

नावाबद्दल म्हणाल तर पुण्याकडं हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर, आणि २०१७ पासनं त्या पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाईटवर येतायत. तिथं गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, फोटो ओवीच्या सोबतच असतो. ओवी बिनानावाची नसतेच, आपण लिहून घेत नाही म्हणून ती बिनानावाची होते. संकलक हा शब्द आतल्या पानावर राहू दे, कव्हरवर वाड्याचं आणि गाणाऱ्यांचं नाव येऊ दे.

वाड्यावरची:

सर, मी स्वतः गवळीवाड्यावरची आहे, आता बेळगावात नोकरीला असते. हा विषय वाचून राहवलं नाही म्हणून मोठं लिहितेय.

आमच्या आजीचं गाणं एका यूट्यूब चॅनलवर आहे. कोण आलं, कधी काढून नेलं, घरात कुणाला धड आठवत नाही, चहा पिऊन गेले एवढंच आठवतंय. व्हिडिओवर 'जंगलातील आदिवासी गीत' असं लिहिलंय, आजीचं नाव नाही, वाड्याचं नाव नाही, मधे जाहिराती येतात. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मी आजीला वाचून दाखवलेलं नाही. आणि ते गाणं दसऱ्याला देवापुढं म्हणायचं आहे, कुठल्यापण दिवशी ऐकायचं नाही, आजीनं ते पाहुण्याच्या भिडेखातर म्हटलं असणार.

म्हणून तुम्हाला सांगते, कागदावर एक सही घेतली आणि परवानगी मिळाली असं समजू नका. आमच्यातली म्हातारी माणसं मास्तर म्हटलं की कशालाही हो म्हणतात. संध्याकाळी धारा काढून झाल्या की सगळ्यांना एकत्र बसवा, स्पीकरवर एकेक फाईल लावा आणि विचारा, हे बाहेरच्यानं ऐकलं तर चालेल काय, हे फक्त आपल्या वाड्यात ठेवायचं काय, हे पुसून टाकायचं काय. बायकांना वेगळं बसवून पण विचारा, पुरुषांपुढं त्या बोलणार नाहीत. आणि उद्या एखादी आजी वारली तर तिचा आवाज लगेच ऐकवायचा की काही दिवस थांबायचं, हे त्या घराला विचारायचं, ते आधीच ठरवून ठेवा.

दुसरं म्हणजे लिपी. आमच्या वाड्यावरची निम्मी पोरं कन्नड शाळेत जातात, घरात मराठी बोलतात पण वाचायला कन्नडच येतं. नुसत्या देवनागरीत पुस्तक काढलं तर आमच्याच पोरांना ते वाचता येणार नाही. दोन्ही लिप्यांत काढा, इथला भाषेचा वाद त्यात आणू नका.

निपाणी_अक्षरजुळणी:

अक्का, लिपीचं एकदम बरोबर बोललात, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्षरमुख म्हणून फुकट टूल आहे, देवनागरीचं कन्नड लिपीत करून देतं. पण तसंच छापू नका. आपण 'करतो' लिहितो आणि र अर्धा बोलतो, कन्नड वाचणारा पोरगा प्रत्येक अक्षर पूर्ण वाचणार, म्हणजे ओवीची चालच मोडणार. चमच्यातला च आणि चहातला च हा फरक पण तिकडं दिसत नाही. वाड्यावरच्या एखाद्या कन्नड शाळेतल्या पोराला मोठ्यानं वाचायला लावायचं आणि अडलं तिथं दुरुस्त करायचं, दुसरा उपाय नाही.

हल्याळची_सिद्दी:

आम्ही हल्याळकडचे सिद्दी, मूळ आफ्रिकेतनं आलेला समाज, तुमच्या शेजारचेच. आमच्या लोकांना उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ ला एसटीचा, म्हणजे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० उजाडलं. तोवर आम्ही कोण हे बाहेरचीच माणसं लिहीत होती, म्हणून हा विषय जवळचा वाटतो.

आमच्या बायका कवंदी शिवतात, जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून केलेली वाकळ. कडेनं सुरू करून धावदोऱ्यानं आत आत शिवत मधोमध यायचं आणि चारी कोपऱ्यांवर छोट्या चौकोनी कापडाच्या घड्या घालून फुलं लावायची, फुलाशिवाय कवंदी पुरी होत नाही. आता नेटवर तिचे फोटो सगळीकडं दिसतात, परदेशातल्या माणसांना आवडते, आनंदच आहे. पण फोटोखाली 'सिद्दी क्विल्ट' एवढंच. कुठल्या बाईनं शिवली, तिनं लाल तुकडा तिथंच का लावला, ती साडी कुणाची होती हे कुठं नाही. ते सांगायला लागलं तर प्रत्येक कवंदीमागं एका घराचा इतिहास निघतो. माझं म्हणणं एवढंच की सर, फोटोखाली काय लिहायचं ते तुम्ही लिहू नका. त्यांना बोलू द्या आणि ते बोलतील ते तसंच उतरवा, शुद्ध मराठी करत बसू नका.

धारवाड_ग्रंथपाल:

औषधांच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. हळदीचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने लिखित दाखले काढून दाखवले तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यावरनं लोक म्हणतात की सगळं लिहून नेटवर टाका, म्हणजे कुणी चोरणार नाही. अर्धं खरं आहे. लिहिलेलं असेल तर पेटंट अडवता येतं, पण उघडं टाकलं तर कुठलीही कंपनी ते फुकट वाचून मुळी खणायला येऊ शकते. सरकारनं २००१ पासनं पारंपरिक ज्ञानाचा जो डिजिटल संग्रह उभा केला तो पेटंट ऑफिसांना करार करून दाखवला जातो, आणि त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध असल्या ग्रंथांतलं ज्ञान आहे, वाड्यावरच्या आजीच्या तोंडचं नाही. म्हणून माझ्या मते पाल्याचं नाव, ओळख आणि मात्रा जाहीर पुस्तकात घालू नये. रेडकू कसं वाचलं ती गोष्ट घाला, औषध वाड्याजवळच राहू दे. हे माझं मत झालं, ठरवायचं वाड्यानं.

कायद्याचं थोडं. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ट), इंग्रजीत के, आहे, त्यात जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानलाय. गवळी समाज कर्नाटकात एसटीत नाही, पण त्या कायद्यात इतर पारंपरिक वननिवासी पण येतात, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. म्हणजे ग्रामसभेचा ठराव घेतला तर तो नुसता शोभेचा कागद राहत नाही. कॉपीराईट कायद्यात मात्र रेकॉर्डिंगचा मालक ते तयार करणारा निर्माता असतो, गाणाऱ्याला वेगळा कलाकाराचा हक्क असतो. म्हणून प्रकाशकाबरोबर लिहून देताना निर्माता म्हणून वाड्याच्या गटाचं नाव घाला, आधीच. आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन, म्हणजे कुणालाही वापरायची आधीच दिलेली मुभा, लावताना दहादा विचार करा, एकदा दिलं की मागं घेता येत नाही. विकिपीडियाच्या कॉमन्स किंवा विकिस्रोत या साईटवर टाकायचं असेल तर धंद्याला वापरायची मुभापण द्यावी लागते. वाड्याला उद्या एखादं गाणं परत घ्यावंसं वाटलं तर काय करणार?

बाहेर लोकांनी यावर वाट काढलेली आहे. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू या आदिवासी लोकांबरोबर काम करताना मुकुर्तू नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं, फुकट आहे, त्यात कुठली फाईल कुणाला दिसायची ते समाजाच्या रीतीप्रमाणं लावता येतं. काही फक्त बायकांना, काही फक्त त्या घराला, काही सगळ्यांना. अक्कांनी धारा काढून झाल्यावर विचारा म्हणून जे सांगितलं ते तिथं सेटिंगमध्येच बसवलंय. लोकल कॉन्टेक्स्ट्स नावाची संस्था समाजांना लेबलं देते, हे ठराविक ऋतूतच ऐकायचं, हे विकायचं नाही, अशी. लेबलांना कायद्याचा जोर नाही, पण वाचणाऱ्याला निदान कळतं की हे कुणाचं आहे आणि कसं वागायचं. कॅनडात त्लामिन या आदिवासी समाजाच्या एल्सी पॉल या आजींचं डिजिटल पुस्तक २०१९ मध्ये आलं, त्यांच्या आवाजासकट, आणि लेखिका म्हणून पहिलं नाव त्यांचंच आहे. बाकीच्यांची नंतर.

कणकुंबी_रस्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकाशकांना आजच फोन करून थांबायला सांगितलंय. ग्रामसभेचा ठराव नंतर, आधी वाड्यावर बैठक. पण मुकुर्तूला सर्व्हर लागणार, नेट लागणार, ते आमच्याकडं कसं चालायचं?

निपाणी_अक्षरजुळणी:

सुरुवातीला त्याची गरजच नाही. छोटा वायफाय राउटर मिळतो त्याला पेनड्राईव्ह लावायचा, नेट नसलं तरी जवळच्या फोनवर पुस्तक उघडतं. शाळेत एक ठेवा, वाड्यावर एक. शिवाय प्रत्येक घराला मेमरी कार्डावर कॉपी द्या. आणि छत्तीसगडकडं २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू झालं, त्यात लोक साध्या फोनवरनं मिस्ड कॉल देऊन आपल्या बोलीत बातम्या-गाणी ऐकायचे आणि सांगायचे, तेपण बघून ठेवा. जे सगळ्यांनी मिळून बाहेरचं म्हणून ठरवलं तेवढंच पुढं नेटवर चढवू. जुळणीचे पैसे मला द्यायचे नाहीत, ते सांगायला लागू नये.

वाड्यावरची:

सर, बैठक रविवारी ठेवा, मी येते. दसऱ्याच्या आत झाली तर बरं, दसऱ्याला सगळ्या वाड्यांवरची माणसं एकत्र येतात, तिथंच इतर वाड्यांना पण विचारता येईल. येताना मोठा स्पीकर आणा, आजीला कानानं कमी ऐकू येतं. आणि त्या यूट्यूबवाल्यांना व्हिडिओ काढायला सांगायचं पत्र कसं लिहायचं ते धारवाडच्या काकांनी सांगितलं तर फार बरं होईल.

धारवाड_ग्रंथपाल:

मसुदा आज रात्री टाकतो. आजीचं पूर्ण नाव, गाणं साधारण कधी रेकॉर्ड झालं आणि व्हिडिओची लिंक तयार ठेवा, पण ते इथं टाकू नका, मला खाजगीत पाठवा.