‘प्रचारकी’ हे वर्णन आहे की निकाल?

कोलशेतची अनुवादक

आमच्या वसाहतीच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक चित्रपट दाखवला जातो आणि नंतर चहाबरोबर चर्चा होते. या वेळी मंडळाने प्रेक्षकांचे अभिप्राय लेखी घ्यायचे ठरवले. मी पोटापाण्यासाठी अनुवाद करते, त्यामुळे कुणीतरी तयार केलेला इंग्रजी मसुदा मराठीत आणण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. त्यातल्या एका प्रश्नात राजकीय संदेश अंगावर येतो का, अशा अर्थाचे काहीतरी विचारले होते, आणि मी फारसा विचार न करता ‘चित्रपटातील राजकीय संदेश प्रचारकी वाटला का?’ असे लिहून टाकले. त्याच्या पुढचा प्रश्न ‘चित्रपटाचा एकंदर दर्जा कसा वाटला?’ असा होता.

दाखवलेला चित्रपट अलीकडचा आणि दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडावे असा होता. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ते दिले तर येथे शब्दाची चर्चा उरणार नाही. अर्ज परत आले तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी ‘प्रचारकी’ या शब्दावर काट मारून समासात ‘हा प्रश्न नसून निकाल आहे’ असे लिहिलेले दिसले. मला आधी राग आला, पण बाकीचे अर्ज चाळताना त्यांचे म्हणणे खरे वाटू लागले. ज्यांना चित्रपटातले मत पसंत नव्हते त्यांनी त्याला प्रचारकी ठरवून दर्जाही कमी दिला होता, आणि ज्यांना ते मत मान्य होते त्यांनी ‘प्रचारकी नाही’ म्हणून दर्जा उत्तम दिला होता. म्हणजे दोन प्रश्न विचारूनही मला एकच उत्तर मिळाले. मराठीत यासाठी तटस्थ शब्द आहे का?

घंटाळीचा वाचक

ताई, शब्द मुळात निरपराध आहे. प्र अधिक चर्, म्हणजे पुढे चालणे, फिरणे, पसरणे. जुन्या मराठीत प्रचार म्हणजे वापर, वहिवाट. ‘हे नाणे आता प्रचारात नाही’ असे माझी आजी सहज म्हणत असे. दक्षिणेत हिंदी शिकवण्यासाठी 1918 मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या नावात प्रचार आहे आणि वर्ध्याच्या राष्ट्रभाषा समितीच्या नावातही आहे. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी त्या वर्ध्याच्या परीक्षा दिल्या, पण त्या नावात कुणाला काही खटकले नाही.

शब्दाला डाग लागला तो निवडणुकांमुळे. मतदान संपण्याच्या 48 तास आधी जाहीर प्रचार थांबवावा लागतो, मग वर्तमानपत्रांत प्रचाराच्या तोफा थंडावतात आणि त्याच रात्रीपासून ‘छुपा प्रचार’ सुरू झाल्याची बातमी येते. चित्रपटाला प्रचारकी म्हणणाऱ्याच्या मनात हा छुपा प्रचार असतो, म्हणजे तोफा थंडावल्यानंतर दारात आलेला माणूस.

आता प्रत्ययाविषयी. पाटीलकी, गावकी, शेतकी यांतला ‘की’ वेगळा आणि ‘प्रचारकी’तला वेगळा. येथे ‘प्रचारक’ या नामाला ‘ई’ लागलेला आहे, जसे नाटक आणि नाटकी. म्हणून ‘प्रचारकी’ म्हणजे प्रचाराचा नव्हे, तर प्रचारकासारखा.

नेरूळकर

‘नाटकी’चे उदाहरण उत्तम आहे, पण ते आपल्याच पहिल्या वाक्याविरुद्ध जाते. ‘नाट्यमय’ ही स्तुती आहे आणि ‘नाटकी’ ही निंदा आहे, मूळ धातू कितीही निरपराध असला तरी. प्रचाराच्या बाबतीत आपल्याकडे निंदेचा शब्द आहे, पण त्याच्या जोडीचा स्तुतीचा शब्द नाही, आणि ताईंची अडचण नेमकी तेथे आहे.

माझे वडील गिरणीत होते आणि 1982 च्या संपानंतर आम्ही खाडीच्या या बाजूला आलो. त्यांच्या तरुणपणी लालबाग-परळमध्ये अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचे कार्यक्रम होत. वडील अभिमानाने सांगत की आम्ही प्रचाराला गेलो होतो आणि तेथे रडलो. त्या वाक्यात प्रचार आणि रडणे यांचे वैर नव्हते. सत्यशोधक जलसे असोत की आंबेडकरी जलसे, लोक ते प्रचार म्हणूनच ऐकायला जात आणि वाईट गाणाऱ्याला वाईट गातो असेच म्हणत. प्रचार करतो म्हणून वाईट गातो, असे कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. ‘प्रचारकी’ हा शब्द माझ्या मते अशा मध्यमवर्गीय समीक्षेतून आला, जिला स्वतःचे राजकारण हे राजकारण वाटतच नाही. घरात चार खोल्या, एक देवघर आणि कुणाचीही जात न विचारणारे कथानक असले की त्याला आपण कौटुंबिक चित्रपट म्हणतो. त्यातून कसलाच संदेश जात नाही का?

शुद्धलेखक

चर्चा समाजशास्त्राकडे चालली आहे, म्हणून शब्दाकडे परत येतो. ताईंनी ‘प्रचारपट’ हे नाम घ्यावे आणि विशेषण टाकून द्यावे. भयपट, चरित्रपट, रहस्यपट, अनुबोधपट या रांगेत तो सहज बसतो. भयपट म्हणजे वाईट चित्रपट असे कुणी समजत नाही, तसेच प्रचारपटाचेही व्हावे. बोलपट आणि दिग्दर्शक हे शब्द घडवण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते आणि आज ते कुणाला कृत्रिम वाटत नाहीत. नवा शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही. मात्र हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला ‘अजेंडा’ कृपया वापरू नये.

आणि दुसऱ्या प्रश्नात ‘दर्जा’ का? तो अरबीतून फारसीमार्गे आलेला आहे. ‘गुणवत्ता’ असताना त्याची गरज नाही.

वाशीची प्राध्यापिका

‘गुणवत्ता’ म्हटले की मला दहावीची यादी आणि पेढे आठवतात. चित्रपटाला 92 टक्के गुण देता येत नाहीत. ‘दर्जा’ या शब्दाचा मूळ अर्थ पायरी असा आहे आणि तो येथे शोभतो, कारण प्रेक्षक चित्रपटाला कुठल्यातरी पायरीवरच बसवत असतो. शासनानेही मराठी चित्रपटांना अनुदान देणाऱ्या योजनेच्या नावात ‘दर्जेदार’ हाच शब्द ठेवला आहे. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, आधी फारसी-मराठी कोश केला आणि पुढे भाषाशुद्धीची बाजू हिरिरीने मांडली. निदान त्यांना काय टाकतो आहोत हे नीट ठाऊक होते.

‘अजेंडा’विषयी मात्र थोडे थांबावे असे वाटते. लॅटिनमध्ये ‘अजेंडा’ आणि ‘प्रोपगंडा’ ही एकाच घडणीची रूपे आहेत. एकाचा अर्थ ‘करावयाच्या गोष्टी’ आणि दुसऱ्याचा ‘पसरवावयाच्या गोष्टी’. आपल्याकडे हे काम तव्य आणि अनीय हे प्रत्यय करतात, म्हणून अजेंडाचे शब्दशः मराठी ‘कर्तव्य’ असे होईल. ‘या चित्रपटाला अजेंडा आहे’ याचे चोख भाषांतर ‘या चित्रपटाला कर्तव्य आहे’ असे झाले, तर तो पत्रिका घेऊन स्थळे बघत फिरतो आहे असेच कुणालाही वाटेल. ‘प्रोपगंडा’ हा शब्द 1622 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी नेमलेल्या मंडळाच्या नावातून रूढ झाला आणि तेथेही तो शिवी नव्हता.

शुद्धलेखक

सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सूचनेत ‘सभेपुढील विषय’ असे स्वच्छ मराठी लिहिले जाते, हे विदुषींनी खाली उतरून सूचनाफलकावर पाहावे.

वाशीची प्राध्यापिका

पाहिले. त्याच फलकावर ‘लिफ्ट मेंटेनन्ससाठी बंद’ असेही लिहिले आहे.

घोडबंदरचा संवादलेखक

मी मालिकांचे संवाद लिहितो. घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला बंगले भाड्याने घेऊन चित्रीकरण चालते, तेथे माझी बरीच वर्षे गेली आहेत. या धंद्यात ‘प्रचारकी’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. वाहिनीकडून निरोप येतो तो ‘सीन लाऊड झालाय’ असा. आवाज चढलेला असला तरी लाऊड, पार्श्वसंगीत जास्त झाले तरी लाऊड, आणि सुनेने हुंड्याविरुद्ध सलग चार वाक्ये बोलली तरी लाऊडच. तीच चार वाक्ये दोन पात्रांत वाटून दिली आणि मध्ये कुकरची शिट्टी घातली, की ‘आता मेसेज छान उतरला’ असे म्हणतात. मत बदललेले नसते, फक्त त्याची मांडणी बदललेली असते.

म्हणून ताईंना सुचवतो की ‘बटबटीत’ हा शब्द घ्यावा. बटबटीत डोळे म्हणजे बाहेर आलेले डोळे. डोळे असणे हा दोष नाही, ते बाहेर येणे हा दोष आहे. संदेशाचेही तसेच असते. आमच्याकडे प्रेक्षकांची पत्रे येत तेव्हा त्यांत ‘उपदेशाचे डोस’ हा शब्दप्रयोग हमखास असे, आणि तोही योग्यच होता, कारण तक्रार औषधाविषयी नसून पाजण्याविषयी होती.

घंटाळीचा वाचक

‘बटबटीत’ पटला. मात्र त्याने अर्धेच काम होते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे नाव न घेता कीचकाच्या रूपाने जे सांगायचे ते सांगितले गेले, प्रेक्षकांना ते कळले आणि सरकारलाही कळले, म्हणून 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. ते बटबटीत असते तर महाभारताचा पडदा लावण्याची गरजच नव्हती. म्हणजे बटबटीत नसलेला पण पक्का प्रचार असू शकतो, आणि ताईंच्या अर्जावर त्याची नोंद ‘नाही’ या चौकटीत होणार. सरकारने त्या नाटकाला दर्जा किती दिला असता, हा प्रश्न तेवढा उरतो.

आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हे उलट टोक म्हणता येईल. 1905 च्या क्रांतीला वीस वर्षे झाली म्हणून सोव्हिएत सरकारनेच तो करवून घेतला होता, आणि आजही चित्रपटाचे संकलन शिकवताना त्याच्या पायऱ्यांच्या प्रसंगावाचून पुढे जाता येत नाही.

नेरूळकर

दोन्ही उदाहरणांना काळाची सवलत मिळालेली आहे. कर्झन आपल्या शेजारी राहत नाही, त्यामुळे कौतुक करणे सोपे जाते. आज आपल्याविरुद्धचे मत कुणी तितक्या कौशल्याने मांडले, तर आपण त्याला ‘धोकादायक’ म्हणू, आणि तेच अडाणीपणाने मांडले तर ‘प्रचारकी’ म्हणू. आपल्या बाजूचे असेल तर अनुक्रमे ‘प्रभावी’ आणि ‘तळमळीचे’. हे चारही शब्द मी एकाच आठवड्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलेले आहेत, आणि तो माणूस माझा सख्खा भाऊ आहे.

नौपाड्याचा निवृत्त ग्रंथपाल

ही चर्चा फडके-खांडेकर वादापर्यंत येणार हे पहिल्याच नोंदीवरून दिसत होते, परंतु ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या रस्त्याने गेलेला माणूस सहसा परत येत नाही, म्हणून मी कीर्तनाचा दाखला देतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात अभंग घेऊन सिद्धान्ताचे निरूपण करायचे आणि उत्तररंगात त्याला धरून आख्यान लावायचे. बुवांना काय पटवायचे आहे ते पहिल्या अर्ध्या तासातच उघड झालेले असते, म्हणून आख्यानात त्यांनी श्रोत्यांना कितीही रडवले तरी फसवले असे कुणी म्हणत नाही. राष्ट्रीय कीर्तनात तर पूर्वरंगात थेट देशस्थिती येत असे.

चित्रपटाने पूर्वरंग टाकला आणि केवळ आख्यान ठेवले. त्यामुळे सिद्धान्त कुठे लपला आहे हे प्रेक्षकाला शोधावे लागते, आणि सापडला की त्याला चोर पकडल्याचा आनंद होतो. ‘प्रचारकी’ या शब्दात तो आनंद आहे असे मला वाटते. बटबटीतपणाबद्दल कीर्तनात आमच्या घंटाळीच्या देवळातही तक्रारी होत, पण त्या बुवांच्या गळ्याविषयी असत.

घंटाळीचा वाचक

ग्रंथपालकाका, आपण नौपाड्याचे आणि देऊळ मात्र ‘आमच्या घंटाळीचे’! असो. ‘निरूपण’ हा शब्द येथे उसना घेता येईल का? ‘चित्रपटात निरूपण जास्त झाले का?’ असे विचारले, तर त्यात शिवीही नाही आणि स्तुतीही नाही.

शुद्धलेखक

‘निरूपण’ला माझा पाठिंबा आहे.

घोडबंदरचा संवादलेखक

तिशीच्या आतला प्रेक्षक ते वाचून चित्रपट धार्मिक होता का, असे विचारील.

कोलशेतची अनुवादक

सर्वांचे आभार, मात्र येत्या शनिवारच्या आधी अर्ज छापायचे असल्यामुळे मला काहीतरी ठरवावे लागले. आता एका प्रश्नाचे तीन केले आहेत: ‘चित्रपट कोणते मत मांडतो असे आपल्याला वाटले?’, ‘ते मांडण्याची पद्धत बटबटीत वाटली का?’ आणि ‘ते मत आपल्याला पटले का?’ दर्जाचा प्रश्न यांच्या आधी आणला आहे, म्हणजे निदान मतावर चिडण्यापूर्वी त्याचे उत्तर लिहून होईल. ज्या सरांनी काट मारली होती त्यांना मसुदा दाखवला. त्यांनी पहिल्या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा आहे ती सहा ओळींची करा, इतकेच सांगितले. ‘प्रचारकी’ला तटस्थ शब्द मात्र मला अजून मिळालेला नाही.

शुद्धलेखक

‘पटले का’ यावर माझी हरकत आहे. पटणे हे पट या शब्दावरूनच आलेले असणार, कारण पटावर चित्र उमटते तसे मनावर मत उमटते. चित्रपटाच्या अर्जात पट आणि पटणे शेजारी आले की कोटी केल्यासारखे वाटते.

नौपाड्याचा निवृत्त ग्रंथपाल

ही व्युत्पत्ती आपण आत्ताच केलीत. व्यापाऱ्यांच्या भाषेत हुंडी पटणे म्हणजे तिचे पैसे मिळणे. पटण्याचा संबंध चित्राशी लावण्याआधी वहीखात्याशी लावून पाहावा.

घंटाळीचा वाचक

मग हुंडी न पटता परत आली तर तिला काय म्हणत असत? ‘नाकारली’ की ‘फिरली’? हा शब्द घरी नक्की ऐकला आहे, पण या क्षणी आठवत नाही.