'दोंगलुआन'ला मराठीत काय म्हणावे?

जळगाव :
वाचनालयात मुलांसमोर बीजिंगच्या १९८९च्या विद्यार्थी आंदोलनावर बोलायचे आहे. १५ एप्रिलला कम्युनिस्ट पक्षाचे सुधारणावादी माजी सरचिटणीस हू याओबांग गेले, मुले शोक करायला तिआनमेन चौकात जमली आणि सरकारशी संवाद, वृत्तपत्रांना मोकळीक असे मागू लागली. २६ एप्रिलला पक्षाच्या 'पीपल्स डेली' या वृत्तपत्राने अग्रलेख लिहून या सगळ्याला चिनीत 'दोंगलुआन' ठरवले. मी 'गोंधळ' लिहिले होते, पण आपल्याकडे गोंधळ म्हटले की संबळ वाजतो. 'दंगल' चालेल?

धुळे :
दंगल नको, ताई. आपल्या जत्रांच्या पत्रकांवर 'कुस्त्यांची भव्य दंगल' असते, मुले हसतील. शिवाय मग हाँगकाँगला काय म्हणाल? १२ जून २०१९च्या निदर्शनांना तिथल्या सरकारने 'रायट' म्हटले. तो शब्द मागे घ्या, ही आंदोलकांच्या पाच मागण्यांपैकी एक होती. रायटच्या गुन्ह्याला तिथे दहा वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून. दंगल तिथे राखून ठेवा.

अमळनेर :
कोशातला अर्थ बाजूला ठेवा, चिनी माणसाला तो शब्द वाचून काय आठवले ते बघा. सांस्कृतिक क्रांतीच्या १९६६–७६ या काळाला तिकडे 'दहा वर्षांचे दोंगलुआन' म्हणत. त्या काळात रेड गार्ड या माओभक्त संघटनांची पोरेच आपल्या शिक्षकांना मारत सुटली होती. म्हणजे अग्रलेखाने शोक करणाऱ्या विद्यार्थ्यांना सरळ त्यांच्या पंगतीला बसवले. आम्ही देशप्रेमी आहोत, असे ही मुले सांगत होती, त्यामुळे ते त्यांना फार झोंबले. दुसऱ्याच दिवशी पोलिसांची कडी तोडून प्रचंड मोर्चा निघाला. १३ मेपासून उपोषण सुरू झाले, तेव्हाही हा शिक्का पुसा ही मागणी होतीच. इतकी जुनी भीती जागवणारा आपला शब्द म्हणजे बेबंदशाही.

नंदुरबार :
नाना, बेबंदशाहीत दोष गादीवरच्याकडे जातो. 'शाही' आहे ना त्यात! इथे गादीवरचेच रस्त्यावरच्यांना बोल लावत आहेत. 'उपद्रव' कसा वाटतो? चले जाव चळवळीवर इंग्रज सरकारने १९४३मध्ये पुस्तिका काढली, तिच्या नावातच 'डिस्टर्बन्सेस' होते. ९ सप्टेंबर १९४२ला आमच्या गावात गोळीबारात गेलेला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती त्या भाषेत उपद्रवीच.

जळगाव :
उपद्रव आता बोंडअळीकडे गेला हो. कृषी खात्याच्या पत्रकाबाहेर कोण वापरतो?

धुळे :
थोडे विषयांतर. ढाक्यातही असेच झाले. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या वादात १४ जुलै २०२४ला तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी विचारले की स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांना नाही, तर काय रझाकारांच्या नातवंडांना मिळणार? त्याच रात्री विद्यापीठातली मुले 'तू कोण, मी कोण? रझाकार, रझाकार' म्हणत बाहेर पडली. शिवी अंगावर घेतली की तिची धारच जाते. पण हा शब्द मराठीत जसाच्या तसा टाकू नका. सोयगाव-अजिंठा निजामाकडे होते, आपल्या लोकांना निजामाच्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवीच आठवेल. बांगलादेशात रझाकार म्हणजे १९७१मध्ये पाकिस्तानी फौजेला साथ देणारे. मुळात अर्थ साधा स्वयंसेवक, पण तो कुठेच उरला नाही.

अमळनेर :
बेबंदशाहीबद्दलचा आक्षेप मान्य. मग 'अराजक' घ्या. ते माजवणारे पुढारी आणि मुले दोघेही असू शकतात. मात्र एकाच शब्दावर थांबू नका, ताई. ४ जूनला लष्कराने रणगाडे आणि गोळ्यांनी आंदोलन चिरडले, त्यानंतर सरकारनेच शब्द चढवला, 'प्रतिक्रांतिकारी बाओलुआन'. तिथे 'बंडाळी' लिहा. पुढे सगळे निवल्यावर तेच सरकार 'राजकीय फंगबो' म्हणू लागले. शब्दशः वारा-लाटा. 'राजकीय खळबळ' म्हणता येईल.

जळगाव :
अराजक, बंडाळी, खळबळ. पण एवढी माणसे मेली आणि नुसती खळबळ?

अमळनेर :
हो. तिथे जोरदार शब्द घातलात तर भाषांतर चुकेल.