एवढ्याशा भाजण्यातून टॉक्सिक शॉक कसा काय होतो? सुपरअँटिजेनबद्दल कुणी समजावेल का

रानजाई:
माझी भाची साडेतीन वर्षांची आहे, चहाचा कप हातावर उपडा झाला, मनगटाजवळ तिच्या तळहाताएवढंसुद्धा भाजलं नव्हतं. ड्रेसिंग करून आणलं, जखम स्वच्छ, पू नाही काही नाही. तिसऱ्या दिवशी १०३ ताप, जुलाब, अंगभर लाली आली आणि संध्याकाळपर्यंत पोर इतकी मलूल झाली की बीपी लागेना, थेट आयसीयू. आता घरी आलीये, खेळतीये, फक्त बोटांच्या टोकांपासून तळहाताची कातडी पापुद्रे निघावेत तशी सोलतीये. डॉक्टर म्हणाले हा टॉक्सिक शॉक, स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतूच्या टॉक्सिनमुळे, म्हणजे विषामुळे झाला, ते सुपरअँटिजेन असतं, तिच्याच इम्युनिटीने हे सगळं केलं. पण ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहे का ते बघायची तपासणी) तर निगेटिव्ह होतं! जंतू रक्तात नाहीच तर अख्खं शरीर कसं काय कोसळतं? आणि आता घरातले सगळे म्हणतायत इम्युनिटी वाढव, काढा दे, गुळवेल दे. ताई मला विचारतीये आणि माझ्याकडे उत्तर नाही.

पेट्रीडिश:
आधी, पोरगी घरी आली हे वाचून फार बरं वाटलं.
कल्चर निगेटिव्ह येणं यात नवल नाही, स्टॅफच्या टॉक्सिक शॉकमध्ये बहुतेक वेळा ते तसंच येतं. जंतू जखमेतच बसून असतो, रक्तात जातं ते त्याचं टॉक्सिन. म्हणून जखम बाहेरून छान दिसते आणि सगळे गाफील राहतात.

आता टॉक्सिन काय करतं ते. एरवी बाहेरचं प्रोटीन आलं की आपल्या काही पेशी ते गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा एमएचसी क्लास टू नावाच्या रेणूच्या खाचेत ठेवून टी-पेशींना, म्हणजे शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना दाखवतात. प्रत्येक टी-पेशीचा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारा भाग, वेगळा, त्यामुळे तो तुकडा ओळखणारी पेशी दहा हजारांत एखादी, कधी त्याहूनही कमी. तेवढ्याच जाग्या होतात, वाढतात, काम करतात. सुपरअँटिजेन ही तपासणीच टाळतं. त्याचे तुकडे व्हायची गरज नाही, ते अख्खंच्या अख्खं खाचेच्या बाहेरून एमएचसीला चिकटतं आणि दुसऱ्या बाजूने टी-पेशीच्या रिसेप्टरचा व्ही-बीटा नावाचा भाग धरतं. दोन्ही पेशी अशा बांधल्या गेल्या की टी-पेशीला वाटतं आपलाच शत्रू सापडला. आणि व्ही-बीटाचे माणसात वीस-पंचवीसच गट आहेत, म्हणजे एक गट पकडला की त्यातल्या सगळ्या पेशी पेटल्या, त्यांचा रिसेप्टर मुळात कशासाठी बनलाय याला काही अर्थच उरत नाही. टॉक्सिक शॉकचं सगळ्यात ओळखीचं टॉक्सिन टीएसएसटी-१, ते व्ही-बीटा २ गट धरतं. सुपरअँटिजेनमुळे एका झटक्यात पाचातली एक टी-पेशी जागी होऊ शकते.

जत्रेत कुणी खोटीच आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरी झाली तर माणसं आरोळीने मरत नाहीत ना, तसंच. टीएनएफ, इंटरल्युकिन, गॅमा इंटरफेरॉन असे सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रेणू, एकदम धो धो सुटतात, ताप चढतो, बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं म्हणून बीपी पडतं, मग किडनी, लिव्हर सगळ्यांनाच रक्त कमी. लाली त्यातलीच, आणि कातडी सोलणं एक-दोन आठवड्यांनी होतंच, त्याला घाबरू नका.

हा आजार पहिल्यांदा नीट मांडला गेला तो १९७८ साली अमेरिकेत डेन्व्हरला, जेम्स टॉड यांनी सात मुलांच्या केसेसवरून. १९८० मध्ये तिकडे पाळीच्या काळात टॅम्पॉन वापरणाऱ्या बायकांमध्ये एवढ्या केसेस झाल्या की रिलाय नावाचा टॅम्पॉन बाजारातून काढून घ्यावा लागला, त्यामुळे लोकांच्या डोक्यात हा बायकांचाच आजार म्हणून बसला. पण सुरुवात मुलांपासून झालीये आणि लहान मुलांचं थोडंसं भाजणं ही आजही त्याची ठरलेली वाट आहे. सुपरअँटिजेन हे नाव मात्र १९८९ मधलं, कॅपलर आणि मॅरॅक यांच्या टीमचं, तेही डेन्व्हरचेच.

साखरपाणी:
लग्नात बासुंदी खाऊन तीन-चार तासांत अख्खं वऱ्हाड उलट्या करायला लागतं, ते पण स्टॅफचंच ना? हेच टॉक्सिन का?

पेट्रीडिश:
त्याच कुटुंबातलं, एन्टेरोटॉक्सिन. तिथे ते पोटात जातं आणि उलटीची यंत्रणा चाळवतं, त्यामुळे एका दिवसात माणूस बहुतेक सावरतो. पण एक गोष्ट सगळ्या केटरिंगवाल्यांना सांगायला हवी, हे टॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. बासुंदी तासन् तास बाहेर राहिली आणि मग परत उकळली तर जंतू मरतो, टॉक्सिन तसंच राहतं.

रातपाळी:
मी पीडियाट्रिक आयसीयूत नर्स आहे. अशा पेशंटला आम्ही जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकबरोबर क्लिंडामायसिन देतो कारण ते जंतूची प्रोटीन बनवायची यंत्रणाच बंद पाडतं, म्हणजे नवीन टॉक्सिन तयार होत नाही. सलाइन भरपूर लागतं, आणि काही केसेसमध्ये शिरेतून आयव्हीआयजी, त्यात हजारो लोकांच्या अँटिबॉडीज असतात, त्या टॉक्सिनला धरून ठेवतात. ड्रेसिंग उघडून जखम साफ करणं हे तर पहिलं काम. आईबाबांना माझं कळकळीचं सांगणं, भाजल्यानंतर पहिल्या चार-पाच दिवसांत ताप आणि पुरळ, किंवा ताप आणि जुलाब, असं काही दिसलं तर जखम कितीही छान दिसू दे, त्याच दिवशी घेऊन या. व्हायरल असेल म्हणून दोन दिवस थांबू नका प्लीज.

रानजाई:
तुम्हा दोघांचे खूप आभार. डिस्चार्ज कार्डवर क्लिंडामायसिन आणि आयव्हीआयजी दोन्ही आहे, आत्ता बघितलं. मग काढ्याचं काय? आणि मोठ्या भावाला हे लागेल का?

पेट्रीडिश:
टॉक्सिक शॉक असा लागत नाही. तो जंतू तर कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतो आणि बहुतेकांच्या अंगात मोठं होईपर्यंत टीएसएसटी-१ विरुद्ध अँटिबॉडीज तयार झालेल्या असतात. बऱ्याच लहान मुलांमध्ये त्या नसतात, तिच्यात बहुधा नेमकं तेच कमी होतं, ताकद कमी नव्हती. त्यामुळे इम्युनिटी सरसकट वाढवण्याला इथे अर्थच नाही, टी-पेशी गरजेपेक्षा जास्तच पेटल्या होत्या. शिवाय गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस कोविडच्या काळात मुंबईतूनच छापून आल्यात आणि तिच्या लिव्हरने आत्ताच मार खाल्ला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. अजून एक, या आजारानंतरही काहींच्या अंगात अँटिबॉडी बनत नाही, म्हणून तो परत होऊ शकतो. पुढे कधी भाजलं, खरचटून चिघळलं किंवा ऑपरेशन झालं तर तिथल्या डॉक्टरांना आधी टॉक्सिक शॉक होऊन गेलाय हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, आणि कार्डाचा फोटो ताईच्या फोनमध्ये ठेवा.