‘गैर इरादतन हत्या’ला मराठीत काय म्हणावे?

रामबागेतला वाचक, इंदूर

आमच्या इंदुरात पोलीस ठाणे, कोर्ट आणि वृत्तपत्रे यांचा सारा व्यवहार हिंदीत चालतो, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या माझ्यासारख्यांच्या तोंडीही ‘गैर इरादतन हत्या’ हाच शब्द बसला आहे. वस्तीतल्या ज्येष्ठांसाठी मी भारतीय न्याय संहितेवर एक मराठी टिपण लिहीत आहे आणि कलम १०५ पाशी अडलो आहे. प्रथम मी ‘अनियोजित हत्या’ असे लिहिले होते. मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे मात्र ‘सदोष मनुष्यवध’ म्हणतात. ‘सदोष’ म्हटले की मला बिघडलेले यंत्र आठवते आणि ‘वध’ म्हटले की कंस किंवा कीचक. हा शब्द नेमके काय सांगतो, आणि ‘अनियोजित’ म्हणण्यात काही चूक होते का?

फौजदारी वकील, इंदूर

‘अनियोजित’ आणि ‘गैर इरादतन’ हे दोन्ही शब्द टिपणातून काढावेत, असे मी आग्रहाने सांगते. ‘गैर इरादतन हत्या’ हा वृत्तपत्रांचा शब्द आहे. हिंदी कायद्यात ‘हत्या की कोटि में न आने वाला आपराधिक मानव वध’ असा लांबलचक पण अचूक शब्दप्रयोग आहे.

सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम १०० मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत ते कलम २९९ होते. ही व्याख्या सुरूच होते ती मृत्यू घडवण्याच्या उद्देशापासून. त्यानंतर मृत्यू ओढवण्याचा संभव असलेली शारीरिक इजा करण्याचा उद्देश येतो, आणि शेवटी, आपल्या कृतीने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे ही जाणीव. म्हणजे उद्देश नसणे ही या गुन्ह्याची अट नाही.

खुनाची व्याख्या कलम १०१ मध्ये आहे आणि तिला पाच अपवाद आहेत. एखादे कृत्य त्यांपैकी एकात बसले, तर मारण्याचा उद्देश असूनही तो खून ठरत नाही. ‘अनियोजित’ या शब्दाला थोडीफार जागा मिळते ती चौथ्या अपवादात. पण तिथेही पूर्वयोजना नव्हती एवढ्याने भागत नाही, तर अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात मारामारी झालेली असावी लागते आणि आरोपीने गैरफायदा घेतलेला किंवा क्रूरपणे वागलेला नसावा लागतो. उलट, कोणतीही योजना न आखता क्षणार्धात केलेले कृत्यही खून ठरू शकते.

पहिल्या अपवादासाठी, म्हणजे गंभीर आणि अचानक प्रक्षोभासाठी, नानावटी खटला पाहावा. घटना १९५९ सालची, मुंबईतली; नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून ठार मारले होते. पत्नीने दिलेली प्रेमसंबंधांची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते. त्या वेळात नानावटींनी कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले आणि जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले. राग शांत होण्यास एवढा अवधी पुरेसा होता, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हा अपवाद नाकारला आणि खुनाची शिक्षा कायम ठेवली.

कलम १०५ मधल्या शिक्षेतही कायदा उद्देश आणि जाणीव यांतला भेद पाळतो. उद्देश असेल तर जन्मठेप, किंवा ५ ते १० वर्षांचा कारावास आणि दंड. केवळ जाणीव असेल तर १० वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड.

भाषांतरकार, पुणे

वकीलबाईंनी अर्थ सांगितलाच आहे, मी शब्दांपुरते लिहितो. ‘सदोष’मधला दोष हा वस्तूतला बिघाड नसून माणसाला लागणारा दोष आहे; ‘दोषी’ म्हणताना आपण तोच अर्थ घेतो. ‘वध’ला पौराणिक छटा आहे हे खरे, परंतु कायद्याच्या भाषेत ‘मनुष्यवध’ हा अखंड शब्द आहे आणि माणसाच्या हातून माणसाचा मृत्यू होणे एवढाच त्याचा अर्थ आहे. स्वसंरक्षणाच्या मर्यादेत राहून घडलेल्या मनुष्यवधात दोष नसतो, म्हणूनच ‘सदोष’ हे विशेषण गाळता येत नाही.

आपल्या ज्येष्ठ वाचकांचा आणखी एक गोंधळ होईल. वाहनाच्या धडकेने कोणी दगावले की बहुतेकांच्या मनात हाच गुन्हा येतो. प्रत्यक्षात तिथे सहसा कलम १०६ लागते, म्हणजे हयगयीने मृत्यूस कारणीभूत होणे. त्याची शिक्षा पूर्वी २ वर्षांपर्यंत होती, ती आता ५ वर्षांपर्यंत आहे. धोका पुरता ठाऊक असूनही आरोपीने कृत्य केले, असा आरोप असेल तेव्हाच अशा प्रकरणात सदोष मनुष्यवधाचे कलम लावले जाते. हयगय आणि जाणीव यांतली ही रेघ टिपणात अवश्य दाखवावी.

रामबागेतला वाचक, इंदूर

दोघांचाही मनापासून आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे: ‘मारण्याच्या उद्देशाने, किंवा मृत्यू ओढवण्याचा संभव आहे हे जाणून कोणी दुसऱ्याचा मृत्यू घडवला, परंतु कायद्याने त्यास खून मानले नाही, तर तो सदोष मनुष्यवध होय.’

फौजदारी वकील, इंदूर

शेवटी ‘खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध’ असे पूर्ण लिहावे. सदोष मनुष्यवध ही जात आणि खून ही तिची पोटजात, अशा अर्थाचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली पुन्नय्या खटल्यात केले आहे. प्रत्येक खून हा मुळात सदोष मनुष्यवधच असतो, त्यामुळे पहिले पाच शब्द गाळले तर त्या नावातून खून वगळला जाणार नाही.