समुद्रासमोर उभं राहिल्यावर जे होतं त्याला शब्द कोणता? (विस्मय, हर्ष, स्तिमित, ऊर भरून येणं, छाती दडपणं)

गेले चार दिवस एका वाक्यावर अडकलेय, म्हणून इथे विचारतेय. मध्यंतरी मोकळ्या महासागराकडे तोंड असलेल्या एका किनाऱ्यावर जाणं झालं, वस्ती नाही, होड्या नाहीत, माणूस नाही, लांबवर लाटा फुटतायत आणि पुन्हा जवळ येऊन फुटतायत, वारा असा की वाळू पोटऱ्यांना टोचत होती. दोन तास नुसती उभी होते. नंतर ताईला पत्र लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य होईना.

"खूप मजा आली" लिहिलं आणि खोडलं. मजा होतीच, पण ती सगळ्यात वरची, फेसासारखी. "प्रसन्न वाटलं" तर अजिबातच नाही, प्रसन्न हे शांत पाण्यासमोर वाटतं. "धन्य झाले" हे खरं होतं पण ते इतक्यांदा इतक्या ठिकाणी म्हटलं जातं की वाचणाऱ्याला समुद्र दिसणारच नाही. "भीती वाटली" हेही खरं, पण मग मी मागे का सरले नाही आणि एक मोठी लाट फुटली तेव्हा एकटीच मोठ्याने का हसले? डिक्शनरीत "आदरयुक्त भीती" सापडलं. ते आपण कडक मास्तरांबद्दल म्हणतो, त्यात आनंद नाहीच.

तर मला भीती, आदर आणि आनंद हे तिन्ही एकाच वेळी असणारा शब्द हवाय. आणि दुसरं, असा किनारा जिथे माणसाने काहीच केलेलं नाही त्याला काय म्हणायचं? जंगली, रानटी हे समुद्राला लावून बघितले, कानाला खटकतात.

*

भारावून गेले?

*

भारावणं माणसामुळे होतं असं मला वाटतं. कुणाचं काम, कुणाचं भाषण, कुणाचा त्याग. समुद्राने काही केलेलं नसतं ना तुमच्यासाठी, तो नुसता असतो. त्यामुळे "समुद्र बघून भारावले" हे चूक नाही पण जरा तिरकं बसतं.

*

विस्मय. पुढे वाचायच्या आधी नको म्हणू नका, मला माहितेय की हा शब्द आता पुस्तकी वाटतो, पण तो उघडून बघा. वि + स्मि. स्मि म्हणजे हसणं, स्मित त्यातलंच. म्हणजे ज्या शब्दाने आपण थक्क होण्याबद्दल बोलतो त्याच्या पोटात हसू आहे. तुम्ही लाट फुटल्यावर एकटीच हसलात असं लिहिलंय, ते वाचूनच मी उत्तर द्यायला बसलो.

दुसरा शब्द हर्ष. आज हर्ष म्हणजे निव्वळ आनंद, हर्षोल्हास वगैरे. पण हृष् या धातूचा अर्थ केस ताठ उभे राहणं असाही आहे, अंगावर काटा येणं, आणि आनंद होणं हाही, दोन्ही एकाच धातूत. रोमहर्ष म्हणतात ते हेच. आणि हा काटा कशाने येतो त्याला बंधन नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन हादरलेला आहे, अंग कापतंय, तिथे "रोमहर्षश्च जायते" आहे. अकराव्यात विश्वरूप बघून तो "विस्मयाविष्टो हृष्टरोमा" झालाय. तेच शरीर, तोच काटा, कारण मात्र पार वेगळं. आणि त्याच अध्यायात ४५व्या श्लोकात तो सरळ सांगतो की कधी न पाहिलेलं हे पाहून मी हर्षित झालोय आणि माझं मन भयाने व्याकूळही झालंय. "हृषितोऽस्मि" आणि "भयेन च", मध्ये "पण" नाहीये, "च" आहे, म्हणजे "आणि". तुमच्या पत्रातलं वाक्य ह्या "आणि"वर अडलंय असं मला वाटतं.

*

वरच्या प्रतिसादातलं सगळं आवडलं तरी एक हरकत नोंदवतो. व्युत्पत्ती म्हणजे वापर नव्हे. शब्दाच्या पोटात काय होतं ते वाचणाऱ्याला ऐकू येत नाही. आज "विस्मयकारक निकाल" म्हटलं की कुणाच्या डोळ्यासमोर हसू येत नाही, अनपेक्षित एवढंच कळतं. "रोमहर्षक" तर आता मॅचला लागून गेलाय, शेवटच्या ओव्हरपर्यंत गेली की रोमहर्षक.

पत्र ताईला लिहायचंय. मग बोलीतलं बघा की. मराठी हे सगळं एका नामात भरत नाही, क्रियापदात आणि अंगात भरते. ऊर भरून आला. छाती दडपली. आता गंमत बघा, ऊर आणि छाती म्हणजे जागा एकच. भरून येतो तेव्हा ऊर म्हणायचं आणि दडपते तेव्हा बहुधा छाती. "छाती भरून आली" कोणी म्हणत नाही, "ऊर दडपला" म्हणतात, पण मला तरी ते कमीच ऐकू येतं (ऊर फुटेस्तोवर आहे, ते धावण्याचं). म्हणजे एकाच जागेला आनंदासाठी एक नाव आणि धास्तीसाठी बहुतेकदा दुसरं. आणि मोठ्या लाटेसमोर उभं राहिलं की दोन्ही खरोखर तिथेच होतं, छातीत. लाट आपटल्याचा धक्का कानाआधी तिथे लागतो असं मला प्रत्येक वेळी वाटलंय.

*

ऊर आणि छाती! हे आयुष्यात कधी लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

*

माझं मत स्तिमितला. सगळे त्याला "थक्क" एवढाच अर्थ देतात. संस्कृतात स्तिमितचे दोन अर्थ सापडतात, निश्चल आणि ओला. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ष्टिम् हा आर्द्रीभावे असाच दिलाय, म्हणजे भिजणं. खारे तुषार अंगावर घेत जागच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला याहून नेमका शब्द कुठून आणणार. लेखनात नेहमी स्तंभित आणि स्तिमित यांची गल्लत होते, स्तंभित म्हणजे खांबासारखा ताठ, धक्का बसून थिजलेला, वाईट बातमीनेही माणूस स्तंभित होतो. स्तिमितमध्ये धक्का नाही, त्यात मऊपणा आहे. बातमीने कोणी स्तिमित झालं असं लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

*

मी भाषेचा माणूस नाही, लाटांचा अभ्यास हा माझा विषय, त्यामुळे थोडं वेगळ्या बाजूने. इथे वर कुणीतरी आश्चर्य या शब्दाकडेही बघायला हवं होतं. पाणिनीचं सूत्र आहे "आश्चर्यमनित्ये", नित्याचं नसेल ते आश्चर्य. मग प्रश्न असा की समुद्र तर सतत तेच करतोय, लाट येते लाट जाते, तरी दोन तास उभं राहून त्याची सवय का होत नाही? याचं एक कारण लाटांच्या येण्यातच आहे. लांबून येणाऱ्या लाटा एकाच लांबीच्या नसतात, थोड्या थोड्या वेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळत येतात, त्यामुळे काही वेळ लहान लहान आणि मग लागोपाठ काही मोठ्या अशा झुंडी तयार होतात. तुम्ही एका तालाला सरावता आणि तो मोडतो. मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राला पाठ करून उभं राहू नका असं सांगतात ते यासाठीच, अर्धा तास जिथवर पाणी आलं नाही तिथवर एखादी लाट सहज येते.

आणि ती लाट कुठून आली हे कळलं की मला तरी जास्त अचंबा वाटतो. १९६३ साली वॉल्टर मंक हा समुद्रशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिकमध्ये ठिकठिकाणी मोजणी करून अंटार्क्टिकाकडच्या वादळांत उठलेल्या लाटांचा थेट अलास्कापर्यंत माग काढला होता, दहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर. पाणी तेवढं चालत नाही बरं का, पाणी जागच्या जागी गोल फिरतं, चालते ती ऊर्जा. ज्या वादळाने लाट उठवली ते केव्हाच विरलेलं असतं आणि आकाश निरभ्र असताना त्याचा जोर तुमच्या पायाशी येऊन फुटतो. फुटते तीही तळ लागल्यामुळे, पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीवर आली की लाट उभी राहते आणि कोसळते.

क्षितिजाचं पण सांगतो. पाण्याच्या कडेला उभं राहिलं तर डोळ्याच्या उंचीवरून क्षितिज साधारण साडेचार-पाच किलोमीटरवरच असतं, तासाभरात चालून जावं इतकंच. "अथांग", "अमर्याद" आपण दिसतं म्हणून म्हणत नाही, त्या रेषेपलीकडे काय आहे ते माहीत असतं म्हणून म्हणतो.

*

लाटांच्या आवाजाबद्दल कोणी बोललंच नाही अजून. गाज. याला दुसरा शब्द नाही आणि नको. संस्कृत गर्ज, प्राकृतात गज्ज, मराठीत गाज, आणि त्याच घरातलं गाजणं, गाजलेला. ढगाची गर्जना होते, वाघाची डरकाळी, पण न थांबता चालू राहते ती फक्त गाज. लाट फुटताना पाण्यात हवेचे अगणित बुडबुडे कोंडले जातात आणि प्रत्येक बुडबुडा घंटीसारखा कंप पावतो, मोठ्याचा स्वर खालचा, लहानाचा वरचा, हे मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली मांडलेलं आहे. म्हणजे गाज हा एक आवाज नाही, असंख्य बारक्या आवाजांचा ढीग आहे. कृपा करून "लाटांचा गाज" लिहू नका, ती गाज, स्त्रीलिंगी.

*

आध्यात्मिक बाजू राहतेय. मूळ प्रश्नात "धन्य झाले" खोडलं असं लिहिलंय पण ते खरं होतं असंही लिहिलंय, त्यावर जरा थांबायला पाहिजे.

रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाने १९२७ साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याला पत्र लिहून सांगितलं होतं की धर्म, देवळं, मतं हे सगळं बाजूला ठेवलं तरी माणसाला एक अमर्यादाची जाणीव असते आणि ती महासागरासारखी असते. फ्रॉइडने उत्तरादाखल प्रामाणिकपणे लिहिलं की मला ती माझ्यात सापडत नाही. याला मराठीत काही जण सागरी भावना म्हणतात, ते मला नौदलाचं काहीतरी वाटतं. "सागरभाव" म्हटलं तर? समुद्र बघून येणारा भाव आणि समुद्र झाल्यासारखा भाव, दोन्ही त्यात बसतात. रामकृष्ण परमहंसांची मिठाची बाहुली सगळ्यांना माहितेय, समुद्राची खोली मोजायला गेली आणि विरघळली, सांगायला परत कोण येणार. रोलाँने पुढे रामकृष्णांचं चरित्रही लिहिलं.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीचं, "शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा". रसांच्या यादीत शांत वेगळा, अद्भुत वेगळा, भयानक वेगळा. ज्ञानेश्वर त्यांना एका घरात आणतात, एक यजमान एक पाहुणा. त्या किनाऱ्यावर दोन तास उभ्या होतात म्हणता, माझा अंदाज आहे की सुरुवातीला नुसतंच अद्भुत असेल, डोळे कुठे ठेवू असं झालं असेल, आणि मग कधीतरी, लक्षात न येता, आत एकदम गप्प झालं असेल. बाहेर गाज तेवढीच आणि आत काही नाही. तसं झालं असेल तर तुम्हाला एक नाम सापडणार नाही, कारण ती एक स्थिती नाही, एकात दुसरी आलेली आहे.

*

अगदी असंच झालं होतं. साधारण तासाभराने. मी ते लिहिलं नव्हतं, कारण ते कसं लिहायचं हेच कळत नव्हतं. वाचताना डोळ्यात पाणी आलं.

*

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी गेलंच नाही म्हणून मी जाते. माणसाने हात न लावलेला किनारा. "निर्जन" नको, त्यात उणीव आहे, माणूस असायला हवा होता आणि नाही असं. "अस्पर्श" जाहिरातींनी वापरून पार गुळगुळीत केलाय. "उघडा समुद्र" किंवा "उघडा किनारा" कसा वाटतो? आडोसा नसलेला. उघडा माळ म्हणतो तसं. जागेबद्दल बोलायचं असेल तर पुळण, संस्कृत पुलिनवरून आलेला, नुसती वाळूची पट्टी, त्यात बाकं नाहीत दिवे नाहीत, शब्दातच नाहीत.

आणि जाता जाता एक, वेळ हा शब्द. संस्कृत वेला म्हणजे काळही, किनाराही, भरतीही. आपण काळ तेवढा ठेवला आणि किनारा सोडून दिला. उचंबळून काठ ओलांडतं ते उद्वेल, त्यात तो अजून आहे. तुम्ही दोन तास उभ्या होतात आणि वेळेचं भान नव्हतं, तुम्ही वेळेवरच उभ्या होतात.

आणि समुद्र या शब्दाची यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या त्याच्या प्राचीन ग्रंथात, एकाहून जास्त कारणं दिलीत, पाणी त्याच्याकडे धावतं म्हणून, वगैरे. त्यातलं एक "संमोदन्तेऽस्मिन् भूतानि", त्यात जीव आनंदतात म्हणून तो समुद्र. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकवायची नाही मला, पण इतक्या जुन्या काळी कुणाला तरी समुद्र म्हटल्यावर मोद आठवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

सगळ्यांचे आभार, मनापासून. विस्मय मी ठेवणार नाहीये, हरकत पटली, ताईला तो लांबचा वाटेल. स्तिमितचा ओलेपणा सुटत नाहीये पण तोही तिला समजावून सांगावा लागेल. सध्या असं लिहिलंय:

"ताई, उघड्या समुद्रासमोर उभी होते. गाज सुरू होती. छाती दडपली आणि ऊर भरून आला, आणि मी हसले."

"आणि" दोनदा आलाय, ते मुद्दाम. पुढचा तासाभरानंतरचा भाग अजून लिहिलेला नाही, तिथे जागा सोडलीय. "गाज सुरू होती" की "गाज चालली होती", यावर कुणाचं मत असेल तर सांगा, मला चालली जास्त बरोबर वाटतंय.

*

चालली. सुरू म्हटलं की ती कधीतरी बंद होती असं होतं.