१२ जोडण्या, ३ व्हेंडर: गुंतागुंत एस्टिमेटमध्ये कशी धरायची?

प्रश्न
जुनी बिलिंग सिस्टीम बदलायची आहे. फंक्शन पॉइंटवरून (सिस्टीम काय काय करते ते मोजून काढलेला आकार) अंदाज निघाला: ९ जण, ११ महिने. पण १२ बाहेरच्या सिस्टीमशी जोडणी आहे आणि ३ व्हेंडर आहेत, त्याचा हिशेब यात कुठेच नाही. सरसकट २० टक्के बफर (राखीव वेळ) टाकणं पटत नाही. तुम्ही काय करता?

उत्तर १
फंक्शन पॉइंट आकार सांगतात, गुंता नाही. प्रत्येक जोडणी वेळेवर होण्याची शक्यता ९५ टक्के धरा. बाराच्या बारा वेळेवर होण्याची शक्यता ५४ टक्केच उरते. ९० धरली तर २८. प्रत्यक्षात जोडण्या एकमेकींपासून स्वतंत्रही नसतात. एक व्हेंडर अडला की त्याच्या सगळ्या अडतात.

म्हणून जोडणीगणिक तक्ता करा: समोरच्या बाजूचा मालक कोण, टेस्ट एन्व्हायर्नमेंट (चाचणीसाठी वेगळी सिस्टीम) मिळणार का, बॅच (नोंदी साठवून एकदम) की रिअल टाइम (लगेच), तोच मेसेज दुसऱ्यांदा गेला तर दुहेरी नोंद होते का. ज्या रकान्यात मालकाचं नाव नाही तिथेच प्रकल्प रखडतो. तिथून पहिल्याच महिन्यात एक खरी नोंद या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन दाखवा. स्क्रीन नंतर झाल्या तरी चालतात.

उत्तर २
उशीर दिसला की माणसं वाढवू नका. ९ जणांत संवादाच्या ३६ जोड्या असतात, १२ जणांत ६६. शिवाय नव्यांना शिकवायला जुनेच बसतात.

मायग्रेशनचा (जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये नेण्याचा) वेगळा अंदाज काढा. जुन्या टेबलात एकाच कॉलमचे दोन अर्थ हमखास सापडतात. किमान २ बिलिंग सायकल दोन्ही सिस्टीम समांतर चालवा आणि बिलागणिक फरक जुळवा. नुसती एकूण रक्कम जुळली म्हणून थांबू नका, उलटसुलट चुका एकमेकींना झाकतात.

उत्तर ३
जुना कोडही काढून टाका. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीच्या ८ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड टाकायचा राहिला. वापरात नसलेल्या कोडचा फ्लॅग (तो चालू-बंद करायची खूण) नव्या कामाला लावला होता, त्यामुळे त्या सर्व्हरवर तो जुना कोड चालू झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर तोटा. डिप्लॉयनंतर (नवा कोड सर्व्हरवर टाकल्यावर) प्रत्येक सर्व्हरवरची आवृत्ती स्क्रिप्टनेच तपासा.

प्रश्नकर्ता
तक्ता भरला, ४ जोडण्यांना मालकच नाही. त्यांत पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) आणि सेटलमेंट फाइल (जमा पैशांच्या हिशेबाची) दोन्ही आहेत. आधी कोणती?

उत्तर १
सेटलमेंट. गेटवेची चूक सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या जागेत) लगेच दिसते. फाइलमधली दिवसअखेरच्या ताळमेळात कळते, आणि तोवर पुढच्या नोंदी तिच्यावरच चढलेल्या असतात.