‘सैराट’: प्रेमाचा धडा हैदराबादच्या खोलीत की शेवटच्या चहात?

पारंबी (धागाकर्ती)

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला. अजूनही त्यावर बोलणं निघालं की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते, झिंगाट आणि शेवटची रक्ताळलेली पावलं. पहिल्यावरून ‘पोरं बिघडली’ आणि दुसऱ्यावरून ‘पळून गेलं की असंच होतं’ असे तयार धडे निघतात. दोन्ही चुकीचे आहेत असं माझं म्हणणं आहे. प्रेमाबद्दल आणि माणसाच्या वृत्तीबद्दल नागराज मंजुळ्यांना जे सांगायचंय ते मधल्या हैदराबादच्या भागात आहे, आणि नेमका तोच भाग लोकांना ‘रेंगाळलेला’ वाटतो.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात. बिटरगावच्या तात्या पाटलांची मुलगी आर्ची, आणि मासेमारी करणाऱ्या घरातला, क्रिकेट टीमचा कॅप्टन परश्या. पकडले जातात, मार खातात, पळतात. हैदराबादेत सुमन अक्का त्यांना गुंडांच्या तावडीतून सोडवते आणि झोपडपट्टीत आसरा देते. परश्या अक्काच्या डोशाच्या धंद्यात राबतो. आर्चीला पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात काम मिळतं, तिथली पूजा तिला तेलुगू शिकवते.

आता बघा, चारही गाणी या सगळ्याच्या आधी संपलेली असतात. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, आणि प्रेक्षकाला ती सवय लागल्यावर तो वाद्यमेळ बाजूला झाला. उरला डोशाचा तवा, परकी भाषा आणि बुलेट चालवणाऱ्या मुलीला न झेपणारी खोली. प्रेम टिकतं की नाही ते इथे कळतं, विहिरीच्या काठावर नाही. परश्या इथेच घसरतो. संशय घेतो, हातही उचलतो. तरी पुढे तोच माणूस नीट संसार करतो. वृत्ती जन्मजात पक्की नसते, ती दुरुस्त होऊ शकते, हे इतक्या खरेपणाने मराठी पडद्यावर क्वचित आलंय.

तिरपा डोळा

असहमत. ‘दुरुस्त होते’ हे तुम्ही वरून घातलंय, पडद्यावर ते नाही.

क्रम तपासा. आर्ची कामावर रुळते, चार लोकांशी बोलू-हसू लागते. परश्याच्या मनात किडा वळवळतो. भांडण होतं, तो तिला मारतो. ती घरी जायला ट्रेन पकडते. तो फास तयार करतो. ती परत येते. पुढे काय? नोंदणी कार्यालय, मग बाळ, मग बऱ्या वस्तीतलं घर. यात माफी कुठाय? ‘माझं चुकलं’ म्हणणारा एक तरी धड प्रसंग दाखवा. चित्रपट थप्पड आणि लग्न यांच्या मधोमध फासाचा दोर ठेवतो, आणि प्रेक्षक दोराकडे बघून थप्पड विसरतो. घरोघरी हेच चालतं. मारणारा नंतर स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायला निघतो आणि मार खाल्लेलीच त्याला समजावत बसते.

दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून दाखवलं असेल तर मला काही म्हणायचं नाही. पण त्याला प्रेमाचा धडा म्हणू नका.

पारंबी

क्रमाचाच मुद्दा आहे तर तो पुरा लावा. आर्ची परत फिरते तेव्हा तिला फासाची काहीही कल्पना नसते. ट्रेनमध्ये ती एकटी आहे, परश्याचा फोन नाही, निरोप नाही. निर्णय ती तिथे घेते. दोर नंतर दिसतो. म्हणजे आत्महत्येची धमकी देऊन बाईला परत आणलं, हा आरोप इथे बसत नाही.

आणि जी मुलगी पोलीस ठाण्यात बापाने परश्यावर घालायला लावलेली बलात्काराची तक्रार उधळून लावते, ती मुकाट्याने मार खायला परत आली असेल, हे मला पटत नाही. ती जाऊ शकते हे परश्याला एकदा कळलं. त्यानंतरचा संसार त्या जाणिवेवर उभा आहे.

तिरपा डोळा

तिच्यापुरतं मान्य. दोर तिच्यासाठी नव्हता. पण प्रेक्षकासाठी होता! त्याची सहानुभूती कुणाकडे वळवली ते बघा. आर्चीचा ट्रेनमधला विचार आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून ताडावा लागतो, परश्याची तगमग मात्र ठसठशीत दिसते.

दस्तऐवज

चर्चा मनाची चाललीय, जरा कागदाकडे येतो. चित्रपटात नोंदणी कार्यालयातलं लग्न चुटकीसरशी उरकतं आणि ते बघून ‘रजिस्टर केलं की सुटलो’ असा समज पसरतो. प्रत्यक्षात फसगत इथेच होते.

विशेष विवाह कायदा, १९५४ चा. मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस वास्तव्य हवं. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते. हरकतीसाठी ३० दिवस. हरकत नसेल तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. हरकत फक्त कायद्याच्या अटींवर घेता येते, म्हणजे वय, आधीचा हयात नवरा किंवा बायको, संमती देण्याची क्षमता, निषिद्ध नातं. ‘पोरगा खालच्या जातीचा’ ही हरकत होऊच शकत नाही.

पण हरकत घ्यायची गरजच कुणाला आहे? कलम ६ मध्ये एक पोटकलम आहे. अर्जदार त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल तर नोटिशीची प्रत त्याच्या मूळ जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. म्हणजे अर्चना पाटील आणि प्रशांत काळे यांनी हैदराबादेत या कायद्याखाली अर्ज केला असता तर त्याची प्रत सोलापूर जिल्ह्यात लागली असती. तात्या पाटलांना माणसं पाठवून शोध घ्यायची गरजच उरली नसती, सरकारनेच पत्ता पोचवला असता.

दोघंही हिंदू असल्यामुळे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट जास्त सुरक्षित. विधी करून लग्न लावायचं, मग नोंदणी. ३० दिवसांची नोटीस नाही. मात्र विधी खरोखर झाले पाहिजेत. नुसतं प्रमाणपत्र म्हणजे लग्न नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. लग्न लावणाऱ्या भटजींची सही, फोटो, साक्षीदारांचे पत्ते हे सगळं जपून ठेवायचं असतं, कारण पुढे मुलीच्या घरचे ‘लग्न झालंच नाही, पळवून नेली’ म्हणतात.

आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर तिने ठाण्यात कितीही ठणकावून सांगितलं तरी तिची संमती धरली जात नाही. मुलावर अपहरण आणि पोक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) लागतो. आर्चीसारखी तक्रार उधळून लावणं तिथे चालत नाही. कॉलेजातली पोरं हा चित्रपट बघून निघणार असतील तर एवढं तरी माहीत असावं.

उंडगा

म्हणजे प्रेमाचा धडा काय, फॉर्म नीट भरा? 😀

दस्तऐवज

हसा. ज्या माणसावर प्रेम आहे त्याचा जन्मदाखला आधी बघणं हेही प्रेमच.

भीमाकाठ

तुमी सगळे त्या दोघांभोवतीच फिरताय. खर्च कुणी भरला ते बघा की. प्रदीप आणि सलीम, ज्यांना गावात लंगड्या आणि सल्या म्हणत्यात, दोघांनी मैत्रीपायी मार खाल्ला. परश्याचा बाप जातपंचायतीपुढं हात जोडून उभा राहतो, घरात बहिणीच्या लग्नाचा प्रश्न आहे. परश्या पळाला तेव्हा हे सगळं मागं राहिलं. पाटलाच्या वाड्याला धक्का बसला तो अब्रूचा, मासेमाराच्या घराला बसला तो पोटाचा. धाडसाचं कौतुक करताना हा फरक सोडू नका.

माझा सवाल सरळ आहे. ज्याच्या प्रेमाचं बिल दुसऱ्याच्या अंगावर पडतं त्याला चारित्र्यवान म्हणायचं का?

पारंबी

बिल परश्याने पाडलं का? ते लावणारे वेगळे आहेत. पंचायतीने बापाला उभं केलं, तात्याने पोरांना मारलं. प्रेम करणाऱ्याला आधी सगळ्यांच्या सुरक्षिततेचा हिशेब मागायचा आणि मारणाऱ्याला मात्र ‘तो तसाच आहे’ म्हणून सोडायचं, हा उलटा न्याय झाला.

भीमाकाठ

उलटा न्हाई. मारणारा दोषी हे ठरलेलंच. पण चित्रपट परश्याला एकदा तरी मागं वळून बघायला लावतो का? आर्चीला माहेराची ओढ दिसती, आईला फोन दिसतो. परश्याच्या घराची आठवण त्यामानानं पुसट. मला हीच गोष्ट लागली.

दस्तऐवज

पंचायतीच्या मुद्द्याला पुरवणी. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला तोही एप्रिल २०१६ मध्येच, चित्रपट लागला त्याच महिन्यात. अंमल ३ जुलै २०१७ पासून. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुटुंबाला वाळीत टाकणारी, लग्न अडवणारी पंचायत आता थेट गुन्ह्यात येते. तक्रार पोलिसांत किंवा दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. अडचण अशी की बहिष्कार तोंडी असतो. कुणी बोलावणं थांबवलं, कुणी मासळी घेणं थांबवलं, याच्या तारखा लिहून ठेवल्या नाहीत तर कोर्टात हाताला काही लागत नाही.

वेलदोडा

कायदा, पंचायत ठीक आहे. मला शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलायचंय, कारण चारित्र्याची खरी परीक्षा तिथे आहे आणि ती आर्चीची नाही, परश्याचीही नाही. ती आईची आहे.

आर्ची आईशी फोनवर बोलते, नातवाचाही आवाज ऐकवते. त्यानंतर तिचा भाऊ प्रिन्स माणसांसह दारात येतो, आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन, आणि दोघांचा खून करून जातो. आईला काय माहीत होतं? चित्रपट सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याचं शहाणपण आहे. तिने खरंच मायेने पाठवलं असेल आणि मुलाने त्या मायेचं हत्यार केलं असेल. तो वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो आणि बाप त्याचं कौतुक करतो, तेव्हाही त्या घरात आई होतीच ना?

‘सैराट’वर बेतलेल्या हिंदी ‘धडक’ने २०१८ मध्ये शेवट बदलला. तिथे नवरा आणि मूल जातात, मुलगी उरते. मग गोष्ट तिच्या शोकाची होते. ‘सैराट’मध्ये मोठं कुणीच उरत नाही, शोक करायला एक लहानगं पोर, आणि त्याला शोक कळतही नाही. शेजारीण त्याला दारात सोडून निघून जाते, आवाज बंद होतो, आणि पावलं उमटत जातात.

उंडगा

पण मुळात फोन करायलाच नको होता. एवढं सगळं भोगल्यावर पत्ता कळू द्यायचा? आणि घरात घेऊन चहा? हा भाबडेपणा आहे, प्रेम नव्हे.

वेलदोडा

दारात माहेरचं माणूस आलंय, हातात आईने दिलेलं सामान आहे. अशा वेळी चहा टाकायचा नाही तर काय करायचं? आणि नीट बघा, ते दोघं काही निर्धास्त नाहीत. अवघडलेपण आहे, भीती आहे, तरी कप भरले जातात. विश्वास ठेवणाऱ्याची चूक आणि विश्वास मोडणाऱ्याचा गुन्हा एका तागडीत घालू नका.

दस्तऐवज

दोघांचंही खरं आहे, पण व्यवहार सांगतो. घरच्यांशी समेटाची पहिली भेट घरी नाही, वकिलाच्या कचेरीत किंवा पोलिसांच्या महिला कक्षात. फोन आईशी करायचा असला तरी मधल्या विश्वासू माणसाच्या नंबरवरून. मूल झालं, आता राग निवळला असेल, हा सर्वांत मोठा गैरसमज, कारण मूल झालं म्हणजे लग्न पक्कं झालं आणि काहींचा राग तिथूनच चढतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ ला ‘ऑनर किलिंग’विरुद्धच्या शक्ती वाहिनी प्रकरणात जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास हेल्पलाइन आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याचे निर्देश दिले. निवारा आधी महिनाभर, नाममात्र शुल्कात, धोका बघून दर महिन्याला वाढवता येतो, जास्तीत जास्त एक वर्ष. आर्ची-परश्याला २०१६ मध्ये यातलं काही नव्हतं. त्यांच्यासाठी निवारा म्हणजे सुमन अक्का.

भीमाकाठ

अक्काचं नाव निघालं ते बरं झालं. छाया कदमनी केलीय ती भूमिका. नवऱ्याशिवाय पोर सांभाळणारी बाई, स्वतःच्या धंद्याची मारामार, आणि दोन अनोळखी पोरांना घेऊन येती. आधी नीट कामाला लावती, मग संसाराला. चारित्र्य शोधायचं तर तिच्यात शोधा. पाटलाच्या वाड्यात शोधू नका, अन् परश्याच्या कवितेतबी नको.

तिरपा डोळा

यावर एकमत. अक्का ठोस आहे, कारण ती काय करते हे चित्रपट दाखवतो, काय वाटतं ते बोलून दाखवत नाही.

आणि म्हणूनच परश्याचं मी सोडत नाही. पारंबी, लग्नानंतरचा चांगला नवरा आपल्याला दिसतो तो काळ उलटल्यावर, थेट मूल आणि घरासकट. दुरुस्ती झाली असेल तर ती दोन दृश्यांच्या मधल्या फटीत झाली. अक्काला जेवढी जागा मिळाली त्याच्या चौथाई जागेत ‘चुकलो’ मावलं असतं.

पारंबी

फट आहे हे कबूल. मला ती रिकामी वाटत नाही, तुम्हाला वाटते. पण १७४ मिनिटांच्या चित्रपटात आणखी किती मावणार?

तिरपा डोळा

विहिरीसाठी वेळ होता, क्रिकेट मॅचसाठी होता. एका वाक्यासाठी नव्हता?